आश्रय नाकारला गेल्यानंतर : एका तरुण वकिलास पत्र

नाशिक

सप्रेम आशीर्वाद.

सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे आणि जामीन अर्ज चालवता चालवता तुझ्याकडे या परदेशी पक्षकाराचे काम आले, आणि आश्रयाची विनंती फेटाळल्याचे व देश सोडून जाण्याविषयीचे कागद वाचून तू मला विचारलेस की अपील कुठे करायचे. आश्रयाचा दावा फेटाळला गेल्यावर ज्याच्याकडे अपील करावे असे प्राधिकरण आपल्या कायद्याने निर्माण केलेले नाही. भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि त्याचा १९६७ चा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या अधिनियमाने घेतली, तरी आश्रयाचा दावा कोणी, कसा आणि किती दिवसांत तपासायचा हे त्यातही सांगितलेले नाही. त्यामुळे तुझ्यापुढे संविधानाचा अनुच्छेद २२६, म्हणजे शासनाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा मार्ग, उरतो, आणि नाशिककरांसाठी त्याचा अर्थ मुंबई उच्च न्यायालय असा आहे.

तिथे जाण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की कर. छळाची कहाणी प्रभावीपणे मांडली की न्यायालय आश्रय देईल, अशा समजुतीने याचिका लिहिलीस तर ती पहिल्याच सुनावणीत अडखळेल. निर्णय बरोबर आहे का, यापेक्षा तो ज्या रीतीने घेतला गेला ती रीत कायदेशीर आहे का, हे न्यायालय पाहते. टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली ही मर्यादा तुला सरकारी वकिलांकडून नक्की ऐकावी लागेल. तुझे उत्तर तयार हवे, आणि ते असे की मर्यादा तीच असली तरी तपासणीची बारकाई प्रसंगानुसार वाढते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने बगडायके प्रकरणात १९८७ साली हेच सांगितले : निर्णयामुळे माणसाचा जीव धोक्यात येणार असेल, तर त्या निर्णयाचा पाया अत्यंत कसोशीने तपासलाच पाहिजे. त्यातील युगांडाच्या एका याचिकाकर्त्याला केनियाला पाठवायचे ठरले होते, पण केनियाने पूर्वी युगांडाच्या निर्वासितांना युगांडात परत धाडल्याच्या पुराव्याचा विचारच झालेला नव्हता, म्हणून तो निर्णय रद्द झाला. तुझ्या पक्षकाराला तिसऱ्या देशात पाठवण्याची भाषा कोणी केली, तर तो देश पुढे त्याला कुठे ढकलेल, हा प्रश्न विचारायला विसरू नकोस.

आता तुझ्या कागदांकडे वळतो. आदेशात जवळपास एवढेच म्हटले आहे की संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने अर्ज नाकारला आहे, सबब देश सोडावा. त्या कार्यालयाच्या पत्राविरुद्ध थेट रिट मिळेल असे गृहीत धरू नकोस. तिथे फेरविचाराची अंतर्गत सोय असते, तिची मुदत टळू देऊ नकोस. माणसाला देशाबाहेर काढण्याचा निर्णय मात्र शासनाचा आहे, आणि तो शासनाने स्वतः विचार करून घेतला का, हा तुझ्या याचिकेचा कणा आहे. यासाठी हाँगकाँगचे निवाडे मुळातून वाच. आपल्याप्रमाणेच तिथेही १९५१ चा करार लागू नाही. असे असूनही एका श्रीलंकन तमिळ व्यक्तीच्या प्रभाकर प्रकरणात २००४ साली तेथील अंतिम अपील न्यायालयाने सांगितले की उच्चायुक्त कार्यालयाच्या नकारावर विसंबून हात झटकता येणार नाहीत. यातना दिल्या जाण्याच्या धोक्याचे मूल्यमापन शासनाने स्वतंत्रपणे आणि न्याय्यतेच्या उच्च मापदंडाने करावे. पुढे २०१३ साली त्याच न्यायालयाने वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांनी होणाऱ्या छळाच्या दाव्यांनाही हा नियम लावला, आणि २०१४ च्या मार्चपासून तिथे सर्व दाव्यांची एकत्रित छाननी सुरू झाली. एक फरक तू स्वतःच मान्य कर : हाँगकाँगला यातनाविरोधी करार बंधनकारक आहे, तर भारताने त्यावर १९९७ मध्ये स्वाक्षरी केली असली तरी त्याला अनुसमर्थन, म्हणजे तो बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, दिलेले नाही. हे निवाडे आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण त्यांतील तर्क आपल्या अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) मध्ये सहज बसतो.

अनुच्छेद २१ प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, केवळ नागरिकाला नव्हे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे जीवित रक्षण करण्यास अरुणाचल प्रदेश शासनाला भाग पाडले. जिथे जीवाला धोका आहे तिथे माणसाला परत न धाडण्याचे तत्त्व अनुच्छेद २१ मध्ये सामावलेले आहे असे गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी नागरिकांच्या प्रकरणात म्हटले, २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वाटेने विचार केला, आणि मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना उच्चायुक्त कार्यालयाकडे दाद मागण्यासाठी दिल्लीला जाऊ दिले. विरुद्ध बाजूचे निवाडेही तितक्याच ठळकपणे याचिकेत लिही. परकीय नागरिकाला बाहेर काढण्याचा शासनाचा अधिकार अमर्याद असल्याचे १९५५ च्या हान्स म्युलर आणि १९९१ च्या लुई डी रेड्ट प्रकरणांत म्हटले आहे. रोहिंग्यांविषयीच्या सलिमुल्ला प्रकरणात ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला, मात्र विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय हद्दपारी करू नये असेही बजावले. तो अंतरिम आदेश आहे, आणि कार्यपद्धतीविषयीचे ते वाक्य तुझ्या उपयोगाचे आहे. प्रतिकूल निवाडा आपण होऊन दाखवणाऱ्या वकिलाचे म्हणणे न्यायमूर्ती वेगळ्या कानांनी ऐकतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

सर्वाधिक वेळ मुलाखतीच्या नोंदीला दे. बहुतेक दावे 'सांगण्यात विसंगती आहे' या एका शेऱ्यावर पडतात, म्हणून ती विसंगती कुठून आली ते ओळीओळीने शोध. दुभाषी त्याच बोलीचा होता का? मुलाखतीचे टिपण त्याला वाचून दाखवले होते का? तारखा कोणत्या कालगणनेतल्या होत्या? अफगाणिस्तानात सौर हिजरी वर्ष मार्चमध्ये सुरू होते आणि इथिओपियाचे वर्ष आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे असते. रूपांतर करताना झालेली चूक माणसाच्या खोटेपणाच्या नावावर जमा होते. आपल्याकडच्या जुन्या बायका मुलाचा जन्म 'सिंहस्थाच्या आदल्या वर्षीचा' असे सांगत, आणि त्यांना खोटे ठरवण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. कोठडीतील अत्याचार किंवा बलात्कार पहिल्या मुलाखतीत सांगितला गेला नाही, याचीही कारणे असतात, ती वैद्यकीय अहवालासह मांड. आणि केवळ कागदांवरून कोणाला अविश्वसनीय ठरवले असेल, तर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा ४ एप्रिल १९८५ चा सिंग निवाडा पुढे कर. त्यातील बहुतेक याचिकाकर्ते भारतातून गेलेले शीख होते, आणि विश्वासार्हतेवर निर्णय अवलंबून असेल तिथे माणसाला प्रत्यक्ष ऐकले पाहिजे असे त्यांना तिथे ऐकायला मिळाले. आपली माणसे परमुलखात असताना जो न्याय त्यांना मिळाला, तो आपल्या दारी आलेल्याला मिळावा असे मला मनापासून वाटते.

शासनाचे प्रतिज्ञापत्र आले की त्यात आदेशात नसलेली नवी कारणे सापडतील. त्यावर मोहिंदर सिंग गिल प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निवाडा पुरेसा आहे : आदेशाची वैधता आदेशातील कारणांवरच ठरते. राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा बंद लिफाफ्यातून, म्हणजे तुला न दाखवता केवळ न्यायालयापुढे आला, तर केवळ सुरक्षेचे नाव घेऊन नैसर्गिक न्याय नाकारता येत नाही असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा माध्यमम प्रकरणातील २०२३ चा निवाडा जवळ ठेव.

याचिकेत हद्दपारीला स्थगितीची मागणी स्वतंत्र परिच्छेदात कर, कारण माणूस विमानात बसवल्यावर अंतिम निकालाला काही अर्थ राहत नाही. तातडीच्या सुनावणीसाठी प्रेसिपी, म्हणजे न्यायालयाला द्यायची लेखी विनंती, आधीच तयार ठेव. पक्षकाराला त्याच्या भाषेत, त्याने विश्वास ठेवलेल्या दुभाष्यामार्फत सांग की आपण जिंकलो तरी बहुधा आदेश रद्द होऊन प्रकरण नव्याने निर्णयासाठी त्याच अधिकाऱ्याकडे जाईल, आणि तोपर्यंत त्याला परत पाठवता येणार नाही. हे ऐकून तो निराश होईल, तरीही वकीलपत्रावर सही घेण्यापूर्वी सांग. मुलाखतीच्या नोंदीची नक्कल मिळाली नसेल तर आजच लेखी मागणी कर, आणि मागणीची पोच याचिकेला जोड.

कळावे.