पहिल्यांदा दर्शनबारीत उभे राहताना

माउली, आषाढीला पंढरपुरात पहिल्यांदाच पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत उभे राहणार आहात, खूप आनंद वाटला. गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली रांग पाहून छातीत धस्स होईल. पंधरा-वीस तास लागू शकतात, हे मनाशी धरूनच निघा.

नवे लोक एक चूक हमखास करतात: दर दहा मिनिटांनी "किती पुढे सरकलो?" बघतात. मग पाय आधी मनात दुखायला लागतात. घड्याळ पिशवीत टाका. शेजारी हरिपाठ सुरू असेल तर त्यात सूर मिसळा. येत नसेल तर नुसत्या टाळ्या वाजवा, चालतं. माझ्या पहिल्या बारीत पुढच्या आजीने न विचारता शेंगदाण्याचा लाडू मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला होता. त्या रात्रीचा प्रसाद मला तोच वाटतो.

आणखी दोन गोष्टी:
- पाणी, औषधं, उपवासाचं थोडं जवळ ठेवा. उपाशीपोटी चक्कर येऊ देऊ नका.
- तब्येत साथ देत नसेल तर बिनधास्त बाहेर पडा. नामदेव पायरीला डोकं टेकवून, कळसाला हात जोडून परतणारे वारकरी पुष्कळ आहेत. त्यांची वारी अपुरी राहत नाही.

रात्री दोन-अडीचला धीर सुटतो, तेव्हा पुंडलिक आठवा. तो आईवडिलांच्या सेवेत होता, म्हणून देव विटेवर थांबला, तो अजून उभा आहे. म्हणजे बारीच्या दुसऱ्या टोकालाही कुणीतरी वाट पाहतंय. मला हेच पुढच्या पावलापर्यंत नेतं.