शिक्का उमटला पाहिजे, गटार वाहिलं पाहिजे

सिंधू संस्कृती हस्तकलेतून शिकवताना येणाऱ्या अडचणींवर या वेळचे प्रश्न.

मुलांकडून शाडूच्या मोहरा करून घेतल्या. निम्म्या तडकल्या आणि ज्या टिकल्या त्यांचा ठसा उलटा आला. काय चुकलं? (शिक्षिका, कराड)

तडा जातो तो घाईमुळे. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलं की कडा आधी वाळून आकसतात, मधला भाग ओलाच राहतो. जाडी सगळीकडे सारखी, साधारण 1 सेंमी ठेवा. वर्तमानपत्रावर, सावलीत, दोन-तीन दिवस, आणि रोज दोनदा उलटा.

खरं तर मोहर मातीची करूच नका. मूळ मोहरा बहुतेक शंखजिऱ्याच्या, म्हणजे मऊ दगडात कोरून मग भाजलेल्या. आकार जेमतेम 2 ते 3 सेंमी, मागे दोरी ओवायला भोक असलेली बोंडी. कोरण्याचा तो अनुभव अंगाच्या साबणात मिळतो. नुकतीच उघडलेली वडी घ्या, जुनी सुकलेली ठिकऱ्या उडवते. मोठ्यांनी 4 सेंमीचे चौकोन कापून द्यावेत. मुलांना टूथपिक आणि बोथट खिळा पुरतो. खोली 2 ते 3 मिमी हवी, नुसत्या ओरखड्याचा ठसा उमटत नाही.

आता उलट्या ठशाचं. पाटीवर नाव लिहून सांगण्यापेक्षा मुलांना चुकू द्या, मग विचारा. ‘राधा’ हे नाव उमटायचं असेल तर मोहरेवर धा आधी, रा नंतर, आणि दोन्ही काने अक्षरांच्या डावीकडे. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने सरळ नाव काढायचं, कागद पालथा साबणावर ठेवून नखाने घासायचं. अक्षरं आपोआप उलटी उतरतात. ठशासाठीची माती पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट हवी. सैल माती खाचांत अडकते. मोहरेला टाल्कम पावडरचा हात लावला की सुटी निघते.

एक विनंती. सिंधू लिपीच्या एकेका चिन्हाला अ, आ, इ नेमून देणारे तक्ते वर्गात आणू नका. ही लिपी अजून कुणालाही वाचता आलेली नाही, आणि पाचवीतल्या मुलाला ते सांगितलं की त्याचे डोळे जास्त चमकतात.

प्रदर्शनासाठी मोहेंजोदडोचं मॉडेल करायचं आहे. थर्मोकोलऐवजी काय वापरावं? (पालक, नाशिक)

विटा. थर्मोकोलचं शहर रात्री अकरा वाजता आईबाबा बनवतात, हे परीक्षकांनाही माहीत असतं.

हडप्पाकालीन विटेचं प्रमाण 1:2:4, म्हणजे उंची, रुंदी, लांबी. खरी वीट साधारण 7×14×28 सेंमी. मुलांसाठी जाड पुठ्ठ्याचा, आतून सेलोटेप लावलेला 1.5×3×6 सेंमीचा साचा करा. एका विटेला सुमारे 50 ग्रॅम ओली माती लागते, म्हणजे 60 विटांना 3 किलो. वाळल्यावर वीट आकसते, पण सगळ्या सारख्याच आकसल्या तर बिघडत नाही. म्हणून साचा एकच ठेवा. प्रत्येक गटाने आपापला केला की थर जुळत नाहीत. प्रमाणाचा फायदा भिंत रचताना हाताला कळतो: एका उभ्या विटेवर दोन आडव्या विटा बरोबर बसतात आणि सांध्यावर सांधा येत नाही.

गटार मात्र कच्च्या विटांचं नको. पाणी ओतलं की काही मिनिटांत चिखल. हाच प्रयोग मुद्दाम करा: एका वाटीत उन्हात वाळलेली वीट, दुसरीत फुटक्या कौलाचा तुकडा. मोहेंजोदडोत गटारांना आणि महास्नानगृहाला भाजलेल्या विटा का, हे मग सांगावं लागत नाही. (ते कुंड सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद, 2.4 मीटर खोल. गळू नये म्हणून डांबराचा थरही होता.) मॉडेलमधलं गटार कौलाच्या तुकड्यांचं करा, सांधे मेणाने बुजवा. 60 सेंमी लांबीला एका टोकाशी 2 सेंमी उंची दिली की पाणी वाहतं. सपाट ठेवलं तर मध्येच थबकतं.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध? (विद्यार्थी, लातूर)

आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळातली वस्ती सापडली. 1974 मध्ये तिथेच चार धातूच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तेव्हा तक्त्यावर ‘हडप्पाकालीन’ असं छातीठोक लिहू नका.

करायला सोपी ती मातीची बैलगाडी. अशी खेळणी सिंधू संस्कृतीच्या गावांत ढिगाने मिळतात. चाक 4 सेंमी व्यासाचं, 8 मिमी जाड. भोक खराट्याच्या काडीने पाडा, पण काडी आत ठेवून वाळवू नका. माती आकसते, काडी आकसत नाही, चाक फुटतं. दहा मिनिटांनी काडी काढून भोक थोडं मोठं करा, नाहीतर वाळल्यावर तीच काडी आत जात नाही आणि गाडी जागची हलत नाही.