इस्टेट म्हणजे नक्की काय: जमीन, दर्जा की गाळा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात ‘आजोबांच्या इस्टेटी’वरून वाद, गोरेगावात ‘इंडस्ट्रियल इस्टेट’ची पाटी आणि मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात फ्रान्सची ‘थर्ड इस्टेट’. शब्द एकच, मग अर्थांचा मेळ कसा लावायचा?

मी फोर्टात वकिलांकडच्या दस्तांची भाषांतरं करतो, त्यामुळे हा शब्द रोजच समोर येतो. मुळात त्याचा अर्थ मालमत्ता नव्हताच. लॅटिनमधलं ‘स्टेटस’ म्हणजे स्थिती, आपण कुठे उभे आहोत ते. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि ‘इस्टेट’ झालं. ‘स्टेट’ त्याचंच भावंड. जुन्या युरोपात माणसाची पायरी बरीचशी जमिनीवरून ठरायची. जमीन कोणाकडून मिळाली, कोणत्या अटीवर, हयातीपुरती की वारसांनाही, यावर सगळं अवलंबून. त्यामुळे दर्जाचा शब्द हळूहळू जमिनीला लागला. इंग्लंडच्या कायद्यात तर आजही ‘इस्टेट’ म्हणजे खुद्द जमीन नाही, जमिनीतला हक्क. तत्त्वतः सगळी जमीन राजाची, तुमच्याकडे फक्त तो हक्क.

मुलीच्या पुस्तकातला अर्थ जुना, पायरीचा. ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला जी सभा भरली तिच्यात पहिली इस्टेट धर्मगुरूंची, दुसरी सरदारांची आणि तिसरी उरलेल्या सगळ्यांची. या तिसरीत भूमिहीन शेतमजूर होते तसे गडगंज व्यापारी आणि वकीलही होते. कितीही पैसा असला तरी माणूस तिसरीतच. भांडण पेटलं ते मतदानावर: दर इस्टेटीला एक मत धरलं की दोन विरुद्ध एक ठरलेलंच. शेवटी १७ जूनला तिसऱ्या इस्टेटीने स्वतःलाच राष्ट्रीय सभा जाहीर केलं. मुलीला उत्तरात ‘तिसरा वर्ग’ लिहू दे. ‘तिसरी मालमत्ता’ लिहिलं तर मार्क जातील, आणि जायलाच हवेत.

आता खरी मजा. आपल्याकडे हाच जोडअर्थ एका शब्दात होता, आणि त्यासाठी लॅटिनची गरज पडली नाही. तो शब्द ‘वतन’. हिंदी सिनेमातलं वतन म्हणजे मायदेश. मराठी कागदातलं वतन म्हणजे वंशपरंपरेचं काम, त्याबद्दलची जमीन, हक्काचं उत्पन्न आणि मानपान, असं सगळं मिळून एक. पाटीलकी घ्या. सारा गोळा करणं हे काम, इनाम जमीन हा मोबदला, आणि होळीच्या पूजेचा किंवा पोळ्याला आपला बैल पुढे असण्याचा हक्क हा मान. हे तुकडे वेगळे करता येत नसत. पाटीलकी वाटली जायची, विकलीही जायची. अर्धी पाटीलकी विकली की कागदात शेताच्या जोडीने मानपानही वाटून द्यावा लागे: विडा आधी कोणाला, कागदावर नाव वर कोणाचं. बैल पुढे कोणाचा यावरून पिढ्यान्पिढ्या तंटे चालत. हसू येतं खरं, पण आजही लग्नाच्या पत्रिकेत नावांच्या क्रमावरून काय होतं ते आठवा.

मात्र वतन म्हणजे नेहमी उंच पायरी, असंही नाही. महार वतनात कसायला थोडी जमीन, आणि त्याबदल्यात गाव आणि सरकार सांगेल ते काम, वेळेकाळाचा हिशेब नाही. ती जमीनच माणसाला खालच्या पायरीवर बांधून ठेवत होती. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडलं. कागद अजून विसरलेला नाही: अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इनाम वर्ग ६ ब’ असा शेरा दिसतो, बहुतेकदा जोडीला ‘भोगवटादार वर्ग २’. घेणाऱ्याने तिथे थांबून आधी सरकारी परवानगीचं विचारावं. हा शेरा दिसला की मी भाषांतर बाजूला ठेवून वकिलांना फोन लावतो.

मुंबईत इस्टेट म्हणजे एकाच मालकाचा मोठा सलग टापूही. पवई गाव एके काळी फ्रामजी कावसजी या पारशी व्यापाऱ्याकडे होतं, आणि उपनगरातल्या अशा टापूंची महसूलमाफी काढायला १९५१ मध्ये जो कायदा झाला त्याच्या नावातच ‘सालसेट (म्हणजे साष्टी) इस्टेट्स’ आहे. ‘इंडस्ट्रियल इस्टेट’मध्ये यातलं काही उरलं नाही; ती औद्योगिक वसाहत, तुम्ही-आम्ही तिथे गाळा घेतो. बिल्डरांची ‘रिअल इस्टेट’ सरकारी मराठीत ‘स्थावर संपदा’ झाली, बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या कागदावर तेच असतं.

महापालिकेत मात्र सांभाळा. तिथलं इस्टेट खातं, म्हणजे मालमत्ता विभाग, पालिकेच्या स्वतःच्या जागा आणि त्यांतले भाडेकरू बघतं. तुमच्या फ्लॅटचा मालमत्ता कर करनिर्धारण व संकलन खात्याकडे. नाव सारखं म्हणून चुकीच्या रांगेत उभं राहू नका.

‘फोर्थ इस्टेट’चं विचारलं नाहीत, पण मुलीला पुढेमागे लागेल. वृत्तपत्रांना इंग्रजीत चौथी इस्टेट म्हणतात ते त्या जुन्या तीन वर्गांनंतर मोजून. आपण ‘चौथा स्तंभ’ म्हणतो तेव्हा आधीचे तीन असतात विधिमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका. आकडा जुळतो, मोजणी वेगळी.

आणि १९९२ मध्ये आलेली ‘टाटा इस्टेट’ आठवत असेल तर तिचा आजोबांच्या इस्टेटीशी संबंध अगदीच लांबचा. मागे सामानाला ऐसपैस जागा असलेल्या मोटारीला ब्रिटनमध्ये ‘इस्टेट कार’ म्हणतात, एवढंच.