आजोबांनी मनिलाहून आणलेला भाला फिलिपिन्समधील कोणत्या जमातीचा आहे, हे कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की आपले आजोबा व्यापारी जहाजावर नोकरीस होते, त्यांनी हा भाला मनिलात घेतला, त्याच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकेक काटा आहे आणि विकणाऱ्याने तो ‘इगोरोट लोकांचे युद्धशस्त्र’ म्हणून दिला होता. मी बरीच वर्षे अशी शस्त्रे जमवीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की पाते न्याहाळण्याचा मोह थोडा आवरावा आणि लोखंड जिथे लाकडात शिरते तो जोड आधी पाहावा.

पात्याचा आकार अगदीच निरुपयोगी असतो असे नाही. मुळात इगोरोट हे एका जमातीचे नाव नसून लुझोन बेटाच्या उत्तरेकडील कॉर्डिलेरा डोंगरांतील बोंतोक, इफुगाव, कलिंगा, इबालोय अशा अनेक समाजांना मिळून दिलेले नाव आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आल्बर्ट जेंक्स यांनी १९०५ मध्ये बोंतोक लोकांचे जे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, त्यात बिनकाट्याच्या पात्याला फांगकाव आणि काटेरी पात्याला फालफेग म्हटले आहे; त्या हिशेबाने आपले पाते फालफेगच्या वळणाचे दिसते. मात्र बालिवांगसारख्या लोहारांच्या गावात घडलेली पाती आसपासच्या वस्त्यांत विकली जात, हेही त्याच वर्णनातून कळते. त्यामुळे नुसत्या पात्यावरून जमात ठरवणे म्हणजे विळा पाहून शेतकऱ्याचे गाव सांगण्यासारखे आहे.

आता जोडाकडे वळू. कॉर्डिलेरातील पुष्कळ जुन्या भाल्यांत पात्याची मागची निमुळती दांडी लाकडात ठोकलेली असते आणि लाकूड चिरू नये म्हणून त्यावर वेताच्या बारीक पट्ट्यांची घट्ट वीण किंवा धातूचे कडे चढवलेले असते. खरोखर हाताळलेल्या भाल्यावरची वीण घामाने काळसर तपकिरी झालेली, वरून गुळगुळीत आणि फटींत धूळ धरलेली असते. नव्या मालावर ती एकसारखी पिवळी असते किंवा दांड्यासकट तिच्यावर एकाच वेळी व्हार्निश मारलेले असते. त्यानंतर भाला उलटा धरून त्याचे बूड पाहावे. तिथे बहुधा लोखंडी टोक असते, कारण चढणीच्या निसरड्या पायवाटांवर हाच भाला काठीसारखा टेकवत चालत. वापरातले टोक त्यामुळे एका अंगाने झिजून बोथटलेले दिसते, आणि अशी झीज नकली माल करणारे सहसा करत नाहीत.

मी स्वतः घेतलेला पहिला भाला पात्यावर भाळूनच घेतला होता. घरी आल्यावर पितळी कडे जरा फिरवले तर आत चक्क आटे निघाले आणि दांडा तीन तुकड्यांत हातात आला. प्रवाशाच्या बॅगेत मावावा अशीच त्याची योजना होती! अमेरिकन राजवटीत बागियो हे थंड हवेचे ठिकाण उन्हाळी राजधानी म्हणून वसले आणि तिथे सैनिक व पर्यटक यांच्यासाठी अशा वस्तूंचा मोठा बाजार उभा राहिला. आपल्या दांड्यालाही असे आटे आहेत का, हे सर्वप्रथम तपासावे.

पाते काटे नसलेले, लांबट पानासारखे असते आणि त्याखाली पितळेचे किंवा चांदीचे जड कडे असते, तर मी दक्षिणेकडे, म्हणजे मिंदानाव आणि सुलू बेटांवरील मारानाव, मागिंदानाव, ताउसुग या मुस्लिम समाजांकडे पाहिले असते. आपल्या वर्णनात तसे काही नाही.

कृपया चिंच, लिंबू किंवा सँडपेपर लावून भाला चकाचक करू नये. गंज फार असेल तर मऊ फडक्याने तेलाचा हलका हात पुरे. जोड, वेताची वीण आणि बूड यांची दिवसाच्या उजेडात जवळून घेतलेली छायाचित्रे इथे जोडल्यास मला अधिक नेमके सांगता येईल.