याकोब-एसावाचा धडा घेताना

अगं, येत्या रविवारी मिरजेच्या संडे स्कूलमध्ये तू पहिल्यांदाच याकोब-एसाव, म्हणजे बायबलमधल्या जुळ्या भावांची गोष्ट, शिकवणार, म्हणून आधीच सांगते. ज्याच्यापायी एसावानं थोरलेपणाचा हक्क याकोबाला विकला, त्या मसुरीच्या वरणावर फार वेळ घालवू नकोस, ते पोरांना पाठ असतं. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातलं २८वं वचन मात्र हळू वाच. बाप इसहाकाचा जीव एसावावर, आई रिबकेचा याकोबावर. भांडणाला खतपाणी तिथं मिळालंय, आणि तेही आईबापांकडून.

माझ्या वर्गात तासगावकडचे दोघे भाऊ होते, घरी द्राक्षबाग. धाकट्यानं विचारलं, "बाई, पप्पांचा दादाच लाडका, हे देवाला चालतं?" मी घाईघाईनं 'भावावर प्रेम करावं' म्हणून विषय मिटवला. त्याची मान खाली गेली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. तू असं करू नकोस. त्याचं दुखणं खरं आहे, हे आधी मान्य कर.

मग थेट ३२-३३ अध्यायांवर ये. एसावाच्या रागाला भिऊन पळालेला याकोब वीस वर्षं मामाकडे राबून परततोय, समोरून एसाव ४०० माणसं घेऊन निघालाय. याकोब पुरता भ्यालाय. शेळ्या-मेंढ्या, उंट, गाई कळपाकळपानं पुढं पाठवतो. रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झोंबी, सकाळी लंगडत चालणं, सात वेळा जमिनीपर्यंत वाकणं. आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो, दोघे रडतात.

इथं जरा गप्प बस. मग एवढंच विचार, आधी कोण धावलं?

काईन-हाबेल, म्हणजे भावानं भावाला मारल्याची गोष्ट, त्याच दिवशी घेऊ नकोस, लहानगी घाबरतात.