शब्दचर्चा : तुरुंगातलं 'विलगीकरण' म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आलाय की समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कैद्यांच्या हक्कांवरची एक माहितीपुस्तिका मराठीत करायची आहे, त्यात 'सेग्रिगेशन', 'आयसोलेशन', 'प्रोटेक्टिव्ह कस्टडी' आणि 'सॉलिटरी' हे चार शब्द सारखे येतात, तर या सगळ्यांना 'विलगीकरण' म्हटलं तर चालेल का, आणि 'एलजीबीटी प्रिझनर्स'ला 'समलिंगी व तृतीयपंथी बंदी' हे बरोबर वाटतं का.

आधी दुसरं घेतो, ते पटकन उरकेल. 'बंदी' हा शब्द तुरुंग खात्याच्या कागदांत सर्रास असतो, न्यायाधीन बंदी, सिद्धदोष बंदी वगैरे, त्यात चूक काहीच नाही. पण खात्याबाहेरच्या माणसानं 'समलिंगी बंदी' वाचलं तर त्याला पहिल्यांदा काय वाटेल, की समलिंगींवर कोणीतरी बंदी घातलीय! तेव्हा सरळ 'कैदी' लिहा, आणि ज्यांचा खटला अजून चालू आहे ते 'कच्चे कैदी', लोक तेच म्हणतात.

'तृतीयपंथी'चं मात्र जरा थांबून बघायला हवं. हा शब्द वाईट नाही, सरकारी मराठीत रुळलेला आहे, पण तो म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यापुढे साडीतली व्यक्तीच येते. जन्माच्या दाखल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला आणि पुरुष म्हणून जगणारा ट्रान्स पुरुष त्यात कोणाला दिसतच नाही, आणि तोही स्वतःला सहसा तृतीयपंथी म्हणत नाही. आणि तुरुंगात पंचाईत याचीही होते, दाढी आलेली, आवाज फुटलेला, आणि कागदावर 'स्त्री', म्हणजे रवानगी बायकांच्या बराकीत. त्यामुळे हक्कांच्या पुस्तिकेत व्यापक शब्द म्हणून 'पारलिंगी' किंवा सरळ 'ट्रान्सजेंडर' ठेवा. हिंदीवरून मात्र उचलू नका, २०१९ च्या भारतीय कायद्याच्या हिंदी नावात 'उभयलिंगी व्यक्ति' आहे, आणि मराठीत उभयलिंगी म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं गांडूळ आठवतं, वर काही लोक तोच शब्द 'बायसेक्शुअल'साठी वापरतात, म्हणजे गोंधळात गोंधळ.

आणि समलिंगी आणि पारलिंगी यांना एका दमात उच्चारायची सवयही या विषयात नडते. पारलिंगी कैद्याचे प्रश्न म्हणजे कुठल्या बराकीत ठेवणार, झडती कोण घेणार, रजिस्टरमध्ये काय लिहिणार, बाहेर चालू असलेले हॉर्मोन आत मिळणार का. समलिंगी कैद्याला यातलं जवळजवळ काहीच लागू नाही, त्याचा प्रश्न म्हणजे बराकीतल्या बाकीच्यांपासून सुरक्षितता आणि भेटायला कोण येऊ शकतं हा. दोघांना लागू पडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तुमचा पहिला प्रश्न.

तर विलगीकरण. माझं मत, नका वापरू. एक तर करोनानंतर हा शब्द आपल्या डोक्यात दवाखान्यात जाऊन बसलाय. गृह विलगीकरण, संस्थात्मक विलगीकरण, म्हणजे ज्याच्यापासून इतरांना धोका आहे त्याला बाजूला काढणं. इथं सगळं बरोब्बर उलटं आहे, धोका या कैद्याला इतरांपासून आहे. त्यात समलिंगी म्हणजे एचआयव्ही हा समज अजून पुरता गेलेला नाही, आणि अमेरिकेत अलाबामा राज्यात एचआयव्ही असलेल्या कैद्यांना खरोखरच वेगळ्या बराकीत ठेवायचे, ते बेकायदा आहे असं कोर्टानं सांगायला २०१२ साल उजाडलं. अशा विषयात रोगाचा वास असलेला शब्द कशाला?

पण खरं कारण याहून मोठं आहे. या विषयातला बराचसा कायदा 'वेगळं ठेवणं' आणि 'एकटं ठेवणं' यातल्या फरकावरच उभा आहे, आणि विलगीकरण हा शब्द तो फरकच गिळून टाकतो.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचा ऑक्टोबर २०१२ चा एक निकाल आहे, एक्स विरुद्ध तुर्कस्तान. इझमीरच्या तुरुंगातला एक समलिंगी कैदी, सोबतचे त्रास देतात, धमकावतात म्हणून तक्रार करतो आणि दुसऱ्या बराकीत हलवा म्हणतो, शक्य असेल तर इतर समलिंगी कैद्यांबरोबर ठेवा म्हणतो. तुरुंगानं काय केलं तर त्याला सात चौरस मीटरच्या कोठडीत एकट्याला टाकलं, त्यातली निम्मीच जागा वावरण्यासारखी, अंधुक दिवा, घाण, उंदीर, आणि ही कोठडी मुळात शिस्तभंगाच्या शिक्षेसाठी नाहीतर बलात्काराच्या आरोपींसाठी ठेवलेली. मोकळ्या हवेत फिरणं बंद, दुसऱ्या कैद्यांशी बोलणं बंद, असे आठ महिन्यांहून जास्त. तुरुंगाचं म्हणणं, आम्ही त्याच्या सुरक्षेसाठीच केलं. कोर्टानं ते मानलं नाही, ही वागणूक अमानुष आहे आणि तिचं मुख्य कारण सुरक्षा नसून तो समलिंगी असणं हेच आहे असा निकाल दिला. आता हे मराठीत सांगताना 'त्यानं विलगीकरण मागितलं आणि त्याला विलगीकरण दिलं गेलं' असं लिहून बघा, खटला कशाबद्दल होता तेच कळत नाही! त्यानं मागितली होती वेगळी बराक, मिळाली एकांत कोठडी.

म्हणून 'सॉलिटरी'ला सरळ 'एकांत कोठडी' किंवा 'एकांतवास' म्हणा, आणि त्याची व्याख्याही पुस्तिकेत देऊन टाका. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत ती आहे, दिवसाचे २२ तास किंवा जास्त, माणसाशी अर्थपूर्ण संपर्काशिवाय, आणि हे सलग १५ दिवसांपुढे गेलं तर त्याला पूर्ण मनाई. भारतात तर एकांतवास ही शिक्षा म्हणून कायद्यात लिहिलेली आहे, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ७३ आणि ७४, आता न्याय संहितेचं ११ आणि १२, ती कोर्टच देऊ शकतं, सगळी मिळून तीन महिन्यांच्या वर नाही आणि एका वेळी १४ दिवसांच्या वर नाही. म्हणजे बघा, गुन्हेगाराला कोर्ट जे १४ दिवसांच्या वर एका दमात देऊ शकत नाही ते मार खाणाऱ्याला 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणून महिनोन्महिने द्यायचं.

'सेग्रिगेशन'ला 'वेगळं ठेवणं' किंवा 'स्वतंत्र बराक', बास. केंद्रीय गृह मंत्रालयानं १० जानेवारी २०२२ ला सगळ्या राज्यांना ट्रान्सजेंडर कैद्यांबद्दल पत्र पाठवलं त्यातही हाच भेद आहे, स्वतंत्र जागा करा पण त्यानं ते पूर्ण एकटे पडतील किंवा त्यांच्यावर शिक्का बसेल असं करू नका. अर्थात स्वतंत्र बराक हेही सगळ्यांना मान्य असलेलं उत्तर नाही. लॉस एंजेलिसच्या जेलमध्ये १९८५ पासून समलिंगी पुरुष आणि ट्रान्स स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे, तो कोर्टासमोरच्या तडजोडीतून आला, आणि त्याच अमेरिकेच्या २०१२ च्या केंद्रीय नियमांनी अशा कोर्टाच्या तडजोडीचा अपवाद सोडला तर केवळ समलिंगी किंवा ट्रान्स या ओळखीवरून वेगळा विभाग करायला मनाई केली, कारण विभाग वेगळा म्हणजे बऱ्याचदा काम, वर्ग, वाचनालय सगळंच तोकडं. (ट्रान्स स्त्रियांना कुठं ठेवायचं यावर तिकडं जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर परत कोर्टबाजी सुरू झाली, तेव्हा पुस्तिकेत अमेरिकेचं उदाहरण देताना साल आवर्जून लिहा.)

'प्रोटेक्टिव्ह कस्टडी'ला 'संरक्षण कोठडी' असा नवा जोडशब्द पाडू नका, वाचकाला पोलीस संरक्षणासारखी काहीतरी चांगली सोय वाटेल. वाक्य लांबलं तरी चालेल पण 'सुरक्षेच्या कारणानं वेगळं ठेवणं' लिहा आणि पुढे 'कैद्याच्या मागणीवरून' की 'मर्जीविरुद्ध' हे सांगा, कायद्यात त्यानं फरक पडतो.

प्रश्नात नसलेला एक शब्द सुचवतो कारण तो पुस्तिकेत येणारच, 'डेलिबरेट इंडिफरन्स'. डी फार्मर ही ट्रान्स स्त्री १९८९ मध्ये इंडियानातल्या टेरे होट इथल्या पुरुषांच्या कडक तुरुंगात पाठवली गेली, तिथं आपल्याला मारहाण आणि बलात्कार झाला अशी तिची तक्रार होती. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं फार्मर विरुद्ध ब्रेनन या खटल्यात ठरवलं की अधिकाऱ्याला गंभीर धोका माहीत असून त्यानं काही केलं नाही तर ते घटनेचं उल्लंघन, आणि कैद्यानं आधी अर्ज दिला नव्हता एवढ्यानं अधिकारी सुटत नाही. याला 'हेतुपुरस्सर उदासीनता' असं लिहिलेलं दिसतं, वाचून कोणाला काय कळणार देव जाणे. 'दुर्लक्ष'ही पुरत नाही, दुर्लक्ष चुकूनही होतं. आपल्याकडे 'डोळेझाक' आहे की! दिसतंय आणि तरी डोळे मिटलेत, कोर्टाला म्हणायचंय ते अगदी हेच.

'झडती'ला झडतीच राहू द्या, 'शारीरिक तपासणी' केलंत तर डॉक्टरचं काम वाटतं, आणि इथं तोच तर वाद आहे, लिंग ठरवण्यासाठी कपडे उतरवायला लावणं ही झडतीही नाही आणि तपासणीही नाही. वर म्हटलेल्या अमेरिकन नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे, आणि गृह मंत्रालयाच्या पत्रात झडती कैदी सांगेल त्या लिंगाच्या व्यक्तीनं किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यानं घ्यावी असं आहे.

राहिली 'मुलाखत', तुरुंगात भेटीला हाच शब्द आहे, पण पुस्तिका बाहेरचे लोकही वाचणार तर 'भेट' बरं. जुलै २०२४ मध्ये गृह मंत्रालयानं राज्यांना परत लिहिलं की क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे सगळ्याच, कैद्यांच्या भेटींबाबत भेदभाव नको. इथं मूळ मजकुरात 'पार्टनर' असेल तिथं 'जोडीदार' लिहा, 'पती/पत्नी' नाही, कारण सुप्रीम कोर्टाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही भारतात समलिंगी लग्नाला कायद्याची मान्यता नाही, म्हणजे 'पती/पत्नी' म्हटलंत की ज्यांच्यासाठी ती ओळ आहे तेच तिच्यातून बाहेर. 'नातेवाईक'वरही भागवू नका, गेटवर नातं विचारतात. आदर्श कारागृह नियमावलीत भेटीला येणाऱ्यांत 'मित्र' आहेत, तेवढा शब्द गाळू नका, जोडीदाराला आज आत सोडणारा शब्द तोच आहे.