सहाच जण आले, आता ओपन स्पेस घ्यायचं की नाही?

प्रश्न : ताई, आमच्याकडे महिन्याची मीटिंग म्हणजे साहेब बोलणार आणि बाकीचे माना डोलावणार. म्हणून मी ओपन स्पेस, म्हणजे विषय आलेल्यांनीच मांडायची मीटिंग, ठरवलं, पंचवीसेक जण येतील असं धरून चाललेले आणि आले सहा, साहेब धरून. सहा जणांत एकाच वेळी तीन-तीन सेशन कुठून काढणार, म्हणून सगळे एकाच गोलात बसलो आणि झालं काय तर नेहमीचीच मीटिंग, नेहमीचेच दोघं बोलले. एवढ्या कमी लोकांत हे होतं का, की नादच सोडून देऊ?

उत्तर : नाद अजिबात सोडू नका. बाकीच्या वाचकांसाठी ओपन स्पेस काय ते आधी थोडक्यात सांगते. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसाने 1983 मध्ये 250 लोकांची एक परिषद भरवली, त्यासाठी वर्षभर राबला, आणि शेवटी लक्षात काय आलं तर सगळ्यात भारी भाग कॉफी ब्रेकचा, म्हणजे ज्याची तयारी कुणीच केली नव्हती तो. मग 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला 85 जणांसोबत त्याने अजेंडाच न ठरवता परिषद घेतली. गोलात बसायचं, ज्याला विषय मांडायचाय त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावायचा, वेळ आणि जागा टाकायची, आणि ज्याला जिथे जावंसं वाटेल तिथे त्याने जायचं. बास, एवढंच. पाच माणसांपासून हे चालतं असं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे तुम्ही सहा जण नियमात बसता.

तुमचं बिनसलं ते एकत्र बसण्यात. हिशोब बघा ना, सहा जण, एक तास, म्हणजे कागदावर प्रत्येकाला दहा मिनिटं, पण ते दोघं त्यातली चाळीस खाणार आणि उरलेल्या चौघांच्या वाट्याला पाच-पाच येणार, तीही "मला काही वेगळं नाही सांगायचं" म्हणण्यात जाणार. तेच तीन-तीनचे दोन गट केले की माणशी वीस मिनिटं होतात, आणि तिघांत गप्प बसून राहणं फार अवघड असतं हो, कुणीतरी तुमच्याकडे बघतंच. म्हणून लोक कमी असले की मी उलट म्हणेन, फुटा. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन टप्पे, खोलीचे दोन कोपरे, म्हणजे चार रकाने झाले, सहा जणांना चार विषय पुष्कळ. समजा तीनच विषय आले तर एक रकाना रिकामा राहू दे, तो भरायचा म्हणून कुणाच्या मागे लागू नका. कधी पाच जण एकीकडे गेले आणि विषय मांडणारा एकटाच उरला तर त्याने बसून आपलं म्हणणं लिहून काढावं, तेही सेशनच आहे.

खरी परीक्षा असते "आता विषय लिहा" म्हटल्यानंतरच्या शांततेची. मोठ्या ग्रुपमध्ये कुणी ना कुणी लगेच उठतं, पण सहा जणांत सगळे एकमेकांकडे बघतात, मग साहेबांकडे, मग तुमच्याकडे, आणि तिथेच आपण घाबरून "मी एक सुचवू का" म्हणतो. नका म्हणू. कागद आणि मार्कर मधोमध जमिनीवर ठेवा, नजर कागदांवर ठेवा, माणसांच्या तोंडाकडे बघू नका, आणि तोंड बंद. साहेबांना मात्र आदल्या दिवशीच गाठून सांगा की सर, तुमचा विषय बाकीच्यांचे लागल्यावर लावा, नाहीतर पहिला कागद त्यांचा लागला की पुढचे सगळे कागद त्याच कागदाची शेपटं होतात.

आणि तुम्ही सहातल्या एक की बाहेरच्या, हे सुरुवातीलाच जाहीर करून टाका. पन्नास जणांत फॅसिलिटेटर, म्हणजे मीटिंग चालवणारी, बाजूला राहिली तर कुणाला कळतही नाही, सहांत ती कोपऱ्यात वही घेऊन बसली तर इन्स्पेक्टर वाटते. मी स्वतः तरी आत बसते, फक्त विषय लावत नाही.

प्रश्न : तो दोन पायांचा नियम आहे ना, की जिथे आपण शिकतही नाही आणि भरही घालत नाही तिथून उठून जायचं, तो छोट्या ग्रुपमध्ये पाळायचा कसा? तिघांतला एक उठला की उरलेल्या दोघांना अपमान झाल्यासारखं वाटतं.

उत्तर : वाटणारच. म्हणून नियम नुसता वाचून दाखवून भागत नाही, पहिलं उठायचं तुम्ही. पहिल्या टप्प्यात दहा-पंधरा मिनिटांनी "मी जरा तिकडे जाऊन येते" एवढं म्हणून शांतपणे उठा, सॉरी नाही, कारण नाही. एकदा कुणीतरी उठलं आणि काही आभाळ कोसळलं नाही हे दिसलं की दुसऱ्याला सोपं जातं. शिवाय दोन गटांव्यतिरिक्त कुणाचीच नसलेली एक तिसरी जागा ठेवा, दोन खुर्च्या खिडकीपाशी, म्हणजे उठणारा माणूस थेट "त्यांच्याकडे" गेला असं होत नाही. ओवेनने अशा रेंगाळणाऱ्यांना फुलपाखरं म्हटलंय, आणि तिथे दोन फुलपाखरं भेटली की बरेचदा भिंतीवर नसलेला विषय निघतो.

यातच एक सांगून टाकते, "जे आले तेच योग्य लोक" हे ओपन स्पेसचं तत्त्व कमी लोक आल्याचं सांत्वन म्हणून वापरू नका प्लीज. तोंडाने हे म्हणायचं आणि डोळे दाराकडे, "अजून दोघं येतो म्हणालेत" असं दर पाच मिनिटांनी चालू, म्हणजे आलेल्यांनी काय समजायचं? वेळ झाली की दार लोटा आणि सुरू करा.

प्रश्न : आम्ही चारच जण आहोत, तेही ऑनलाइन. वेगवेगळ्या रूम करायच्या का?

उत्तर : नको. चौघांत दोन-दोनच्या रूम म्हणजे फोनच लावा की सरळ. एकच कॉल, एक शेअर केलेली फाइल, आल्या आल्या प्रत्येकाने स्वतःचा विषय त्यात टाइप करायचा आणि क्रम सगळ्यांनी मिळून लावायचा. ज्या विषयात रस नाही तेवढ्यापुरतं कॅमेरा बंद करून जायची मोकळीक ठेवा, आणि परत कधी यायचं ते फाइलमध्येच लिहा. बोलणं लवकर संपलं तर कॉल बंद करा, तासाचं बुकिंग आहे म्हणून ताणू नका.

प्रश्न : निर्णय वरून आधीच झालाय, पण टीमला आपलं म्हणणं ऐकलं गेलं असं वाटावं म्हणून ओपन स्पेस घ्या असं मला सांगितलंय. आठ जण आहेत. कसं घेऊ?

उत्तर : घेऊच नका. आठ जणांत ते पहिल्या अर्ध्या तासात उघडं पडेल आणि पुढच्या वेळी एकही कागद भिंतीवर लागणार नाही. निर्णय काय झालाय ते सरळ सांगा, आणि तो राबवायचा कसा हे खरंच टीमवर सोडणार असाल तरच तेवढ्या प्रश्नावर घ्या, पण वरच्यांकडून तसं आधी स्पष्ट कबूल करून घ्या.